यादीत राहिलेलं नाव

"फोल्डर उघडतोय की!" कॉम्प्युटरभाऊ फोनवर तिसऱ्यांदा म्हणाले.

"तुमच्या टेबलावर उघडत असेल हो. इथे ऑपरेशन थिएटरच्या स्क्रीनवर 'परवानगी नाही' असंच येतंय," वरच्या मजल्यावरून सिस्टर म्हणाल्या. "आजींना रात्रीपासून उपाशी ठेवलंय. ऑपरेशन आधीच दोनदा पुढे ढकललंय. साडेअकरापर्यंत जुने स्कॅन दिसले नाहीत, तर डॉक्टर आजही घरी पाठवणार."

अकरा वाजून गेले होते. भाऊंना या इस्पितळात एकवीस वर्षं झाली होती. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी त्यांच्याच नावाचा धावा व्हायचा. रविवारी त्यांनी सगळे स्कॅन एकट्याने नव्या मशीनवर हलवले होते आणि स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

आता मात्र घाम फुटला. त्यांनी परवानग्यांची यादी पुन्हा वाचली. डॉक्टर होते, सिस्टर होत्या, ते स्वतः होते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेले एक्स-रेवालेसुद्धा होते. मग अडतंय कुठे?

"सिस्टर, लॉगिन कोणाच्या नावाने केलंय?"

"डॉक्टरांच्याच. पण फोल्डरमधून फोटो आणून देतो तो तुमचा प्रोग्रामच ना?"

भाऊंनी कपाळावर हात मारला. काखेत कळसा नि गावाला वळसा! फोल्डरपाशी डॉक्टर जातच नव्हते. त्यांच्या वतीने प्रोग्राम जायचा, आणि तो स्वतःच्या वेगळ्या नावाने. साऱ्या गणगोताला किल्ल्या वाटल्या आणि रोज दार उघडणाऱ्यालाच विसरले. त्यांनी ते नाव यादीत घातलं, फक्त वाचण्यापुरतं.

"आता बघा."

"आले! अहो, सगळे आले!" सिस्टर ओरडल्याच.

भाऊंना हायसं वाटलं. तेवढ्यात डॉक्टरांनी फोन घेतला.

"मशीन बिघडलं होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. मशीन काही उलट बोलणार नव्हतं.

"नाही साहेब. माझ्याकडूनच एक नाव घालायचं राहिलं होतं."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "घेतो आजींना."

भाऊंना खाली बसवेना. ते जिना चढून वर गेले. थिएटरच्या दाराबाहेर आजोबा उभे होते, हातात आजींच्या चपला धरून.

"नेलं का हो तिला?"

"नेलं, आजोबा."

आजोबांनी चपला बाकाखाली ठेवल्या, तिला सहज पाय घालता येतील अशा सरळ करून, आणि मग बसले.