पानमळ्याची उतरन

माझ्या दिराचं नाव भाऊसो, आन् ते नाव निघालं की आजबी माझं तोंड कडू हुतं. लोक म्हनत्यात, रंगुबाई, किती वर्सं झाली, सोड आता. मी न्हाई सोडत. तुमी सोडा, तुमचं काय गेलं हुतं?

आमचा पानमळा हाय आष्ट्याच्या अलीकडं, वड्याच्या काठाला. सासऱ्यांनी लावल्याला. त्येंच्या मागं दोघा भावांनी मधनं कुडाची ताटी घालून वाटून घेतला. वरली बाजू धाकट्या भाऊसोची, खालची आमची. आमचं मालक मिलिट्रीत हुतं. एकाहत्तरच्या लढाईत त्येंच्या डाव्या पायाचा चुरा झाला. पुन्याच्या दवाखान्यात लय दिस ठिवलं. पाय वाचला, पर वाळून आखूड झाला. मग सरकारनं बूट दिला. जाड तळाचा, दोन्ही अंगाला लोखंडी पट्ट्या, वर गुडघ्यापतूर चामड्याचं पट्टं. त्यो बूट घातला की मालक काठी टेकत साऱ्या गावातनं फिरायचं. बूट काढला की एक पाऊल टाकता येत न्हवतं.

आन् पानमळ्यात पायतान चालत न्हाई. हे कुना भटानं सांगितल्यालं न्हाई, बापजाद्यापासनं हाय. मामलेदार आला तरी वहाना मळ्याभोवतीच्या ताटीच्या भाईर काढनार आन् मग आत यिनार. त्यामुळं मालक मिलिट्रीतनं परत आलं ते मळ्याच्या भाईर बांधावर बसून ऱ्हायलं. दोन वर्सं. ताटीच्या फटीतनं सोताचा वेल बघायचं. म्या किती डाव म्हनलं, बूट काढा, मी धरते, आत चला. पाया पडले. तर तोंड फिरवून बिडी पेटवायचं.

ह्या गावची दुसरी रीत अशी का बाईमानसानं पानमळ्यात शिरायचं न्हाई. वेल जळतो म्हनं. माझं म्हायार नरवाडचं, मिरजंच्या खाली. माझ्या बाला पोरगा न्हवता, आमी दोघी भनीच. मग शिडीवर कोन चढनार? आमीच. लगनाच्या आदी म्या किती वेल उतरवलं त्येची मोजदाद न्हाई, एकबी जळला न्हाई. हे सासरी सांगितलं तर सासरं हसून म्हनायचं, त्यो कानडी वेल हाय, त्येला चालत आसंल.

उतरन म्हंजी काय ते सांगते, न्हाईतर तुमाला ह्यो राग कळायचा न्हाई. शेवरीवर, शेवग्यावर वेल चढत चढत माघापतूर शेंड्याला जातो. खाली नुसती उघडी काटकी ऱ्हाती, वर पान बारीक पडतं. तवा थंडी सरता सरता, ऊन तापायच्या आत, वेल झाडाला बांधल्याल्या लव्हाळ्याच्या गाठी सोडून वेल खाली घ्यायचा, बुडाशी त्येचं वेटोळं करून मातीत पुरायचा, शेनखत घालायचं आन् नुसता शेंडा वर ठिवून पुन्ना झाडाला बांधायचा. मग चैतात त्यो नव्या अंगानं फुटतो. उतरन चुकली तर वर टांगल्याला वेल उन्हात वाळून जातो. शिमग्याच्या आत झाली पायजे. बांधावरचा पांगारा लाल झाला की समजायचं, आता उशीर झाला.

ही गोष्ट घडली त्येच्या आदल्या साली भाऊसोनं गडी आदी सोताच्या मळ्यात लावलं, मग आमच्याकडं धाडलं. तवर पांगारा फुलून गळाया लागला हुता. आमचा निम्मा वेल जळला. ह्यो म्हनाला, गड्यांस्नी येळ झाला नव्हं, मी काय करू. म्या समद्या भावकीम्होरं त्येचं पितळ उघडं पाडलं, तर माझीच जाऊ शालूबाई म्हनती, आमच्या उंब्रजला बायका येवढं बोलत न्हाईत. म्हनलं, मग उंब्रजलाच ऱ्हायाचं हुतं.

म्होरल्या साली माघ लागला तसा भाऊसो आमच्या सोप्यात यिऊन बसला. लय गोड बोलला. त्येचं म्हननं आसं, का उतरनीतला जुना गडी कोंडीबा आन् बाकीचं समदं गडी माझ्याकडं गुतलेत, दादाला काय मळ्यात जायाला येत न्हाई, तवा खालचा मळा माझ्याच हाती द्या. घरला लागतील ती पानं मी धाडत जाईन. मधली ताटी काढून टाकू. ताटी काढून टाकू म्हनला, बगा. मळा गिळायचा बेत, आन् वर उपकार.

 भाऊसो गेल्यावर मालक म्हनालं, दिऊन टाकू. मी उगंच बसून काय राखन करतोय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्या म्हनलं, मी उतरवते. मला येतं. तवा ह्येंचा आवाज चढला. बायकोला शिडीवर चढवून मी गावात तोंड कसं दाखवू, म्हनं.

"तोंड दावतायसा की रोज," म्या म्हनलं. "पाय कवा दावनार?"

त्या दिशी मालक जेवलं न्हाईत. मीबी वाढून ठिवल्यालं ताट परत उचललं आन् म्हशीम्होरं वतलं. बोलले ते बोलले. खोटं बोलले न्हवते.

कोंडीबाकडं जाऊन आले. म्हातारा भला, पर त्येनं नजर वर केली न्हाई. भाऊसोनं ताकीद दिली हुती, खालच्या मळ्यात पाय ठिवंल त्येनं वरच्यात यायचं न्हाई. पोट कुनाला सुटलंय? 

मग सकाळच्या पारी लुगड्याचा काष्टा आवळला, भिजवल्याला लव्हाळा कमरंला खोचला, शिडी खांद्यावर घितली आन् मळ्यात शिरले. ताटीपाशी हात जोडलं. म्हनलं, बाबा वेला, मी नरवाडची, वळख ठिव.

आतला गारवा अंगाला लागला आन् मला माझ्या बाची सय आली. पर रडायला येळ कुटं हुता? उतरन हे दोघांचं काम. एकानं वर गाठी सोडायच्या, दुसऱ्यानं खाली वेल झेलून हातावर घ्यायचा. एकटीनं करायचं म्हंजी गाठ सोडायची, वेल खांद्यावर घ्यायचा, तसंच एका हातानं शिडी उतरायची. पयला वेल अर्ध्यात निसटला आन् कटकन मोडला. दुसरा मोडला. म्या सोतालाच शिव्या दिल्या. तिसरा नीट उतरला. मग हात बसला. मालक बांधावर यिऊन बसल्यालं फटीतनं दिसत हुतं. मला थांबवाया आल्यालं, पर कसं थांबवनार? आत यायला बूट आडवा. दोन डाव हाक मारली, मी वो दिली न्हाई.

ऊन डोक्यावर आलं तवर वेलांची एक वळ झाली हुती. पांगाऱ्याला नुसत्या कळ्या हुत्या. मनात म्हनलं, रोज एक वळ झाली तरी शिमग्याच्या आत निघतंय.

तेवढ्यात बांधावर गलका झाला. शालूबाईनं बघून घरला सांगितलं आसनार, दुसरं कोन? भाऊसो आला, मागं कोंडीबा, गडी, आन् वाटंवरची चार रिकामी मानसं. भाऊसो ताटीतनं तसाच तरातरा आत घुसला. मी शिडीच्या वरच्या पायरीवर, खांद्यावर वेल. त्येनं खालनं शिडी धरली.

म्हनाला, वैनी, खाली उतर, आमच्या बापाचा मळा बाटवला तू. म्या म्हनलं, तुमच्या बापाचा तसा ह्येंच्याबी बापाचा, ताटीच्या पल्याड जावा. म्हनाला, न्हाई उतरलीस तर मी उतरवतो. आन् त्येनं शिडी हालवली. खरं सांगते, एकदा न्हाई, दोनदा हालवली. मी शेवरीला मिठी मारली. सालीनं हात सोलला. खांद्यावरचा वेल तुटला. खाली समदी मानसं उभी, एकानंबी त्येचा हात धरला न्हाई.

तवा बांधावरनं आमच्या मालकांचा आवाज आला. मोठा न्हाई. कवायतीतला आसतो तसला, सपाट.

"भाऊसो, आदी पायतान काढ. मग काय ती बापाची अब्रू बोल."

समद्यांच्या नजरा खाली गेल्या. भाऊसोच्या पायात वहाना हुत्या. करकर वाजनाऱ्या, नव्या. वाफ्यात, उतरवल्याल्या वेलाच्या ताज्या मातीवर त्येचं ठसं उमाटलं हुतं. रागाच्या भरात काढायच्याच ऱ्हायल्या. कोंडीबानं दोन्ही कानाला हात लावलं. भाऊसोच्या तोंडचं पानी पळालं. त्येनं शिडी सोडली, पर हालला न्हाई. कसा हालनार? वहाना हातात घेतल्या तर हारला, घालून गेला तर आनखी चार ठसं.

आन् मालक बांधावर बसलं. चामड्याचं पट्टं एक एक करून सोडलं. बूट काढून बाजूला ठिवला. धोतर वर खोचलं, आन् दोन हातांवर भार दिऊन, बूड घासत, ताटीतनं आत आलं. त्यो पाय मागनं वढत हुता. समदं गाव बघत हुतं. पिंडरी न्हवतीच, नुसतं हाड आन् त्येवर सुरकुतल्यालं कातडं, पाऊल आत वळल्यालं. मीबी उजेडात पयल्यांदाच बघितला. घरात दिवा इझवल्याबगार ह्येंनी कवा बूट काढला न्हवता.

 मालक भाऊसोच्या पायापाशी आलं, तिथली माती हातानं सारखी केली, त्येचं ठसं पुसलं. वर बघितलंबी न्हाई. भाऊसोनं वहाना काढल्या, हातात घेतल्या. जाता जाता म्हनाला, आजपासनं तुमचं आमचं तुटलं. म्या वरनं म्हनलं, जोडलं कवा हुतं? कोंडीबा घडीभर थांबला, मग त्योबी त्येच्या मागं गेला.

मालक माझ्या शिडीच्या बुडाशी येऊन बसलं. दोन्ही हात वर केलं.

"बघतीस काय," म्हनालं. "सोड वेल. हळू."

मला वाटलं, शिडीसकट ह्येंच्या अंगावर उडी टाकावी. किती राग आला म्हनून सांगू. दोन वर्सं. निम्मा मळा जळाला, मी दारोदार गडी मागत फिरले, त्या भाऊसोचं टोमनं खाल्लं, आन् हितं तर ह्येनला आत येता येत हुतं. नुसतं बसून यायचं हुतं. म्या तसंच म्हनलं, आडपडदा न ठिवता. दोन वर्सं मी पाया पडत हुते, तवा का न्हाई आलासा?

"लोक बघत हुते," म्हनालं.

"आन् आज काय मानसं आंधळी हुती?"

मालकांनी हातातलं ढेकूळ फोडलं, बारीक केलं.

"आज तू पडली आसतीस," म्हनालं.

मला रडू फुटलं, आन् रडू फुटलं म्हनून आनखी राग आला. डोळं दंडाला पुसलं, पुढल्या वेलाची गाठ सोडली, आन् वेल खाली सोडला. त्येंनी त्यो झेलला, हातावर घेतला, वेटोळं करून मातीत ठिवला. म्या म्हनलं, वेटोळं लय आवळ झालंय. म्हनालं, तुझ्या बाचं न्हाई, माझ्या बाचं हाय हे.

शिमग्याच्या आदी सारी उतरन आमी दोघांनीच केली, आन् रोज भांडत केली.