चाळीस सेकंदांची आंघोळ

टीव्हीवरच्या जाहिराती पास-नापास करणाऱ्या मंडळात ती अकरा वर्षं स्टेनो होती. पाच सभासद पडद्यासमोर बसत, ती कोपऱ्यात वही घेऊन. उघड्या पाठी, उघडे पाय बघून बघून तिचे डोळे विटले होते. सगळ्या विशीतल्या, तेल चोपडल्यासारख्या चकाकणाऱ्या. हल्ली ती मान वर न करता नुसतं लिहायची.

त्या दिवशी साबणाची चाळीस सेकंदांची जाहिरात लागली आणि अध्यक्ष फस्सकन हसले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. त्यांना हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने मान वर केली.

न्हाणीघरात सत्तरीचं जोडपं. अंगावर चिंधी नाही. म्हातारा म्हातारीची पाठ चोळतोय, साबण निसटतो, तो उचलायला वाकतो आणि कंबर तिथेच धरते. ती त्याला ओढायला जाते, तर स्वतःच घसरून बसते. मग दोघं फरशीवर पाय पसरून हसत सुटतात. खाली अक्षरं येतात: 'निसटतो, पण लवकर संपत नाही.'

"पुन्हा लावा," अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या खेपेला कुणी हसलं नाही. ओघळलेली पोटं, निळ्या शिरा, खांद्यावरून वाहणारं पाणी. हसताना म्हातारीचं सगळं अंग हलत होतं आणि तिला त्याची पर्वा नव्हती. स्टेनोच्या वहीत एक अक्षर उमटलं नाही. नागडं माणूस आपण आज पहिल्यांदा पाहतोय, असं तिला वाटलं.

जाहिरात पाच वेळा लावली. मग तीन विरुद्ध दोन मतांनी बंदी आली.

"कारण काय घालू, साहेब?" तिने विचारलं.

"अश्लील तर नाही म्हणता येणार," सभासदांतल्या मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या. त्यांनी बंदीच्या बाजूनेच हात वर केला होता.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "लिहा, बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं." चष्मा चढवत म्हणाले, "मला झालं. आमच्या हिला जाऊन चार वर्षं झाली."

हे शेवटचं तिने लिहिलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने सासूबाईंना न्हाऊ घातलं. त्यांचा हात मोडल्यापासून हे रोजचंच होतं. ती भिंतीकडे बघत भराभर उरकायची. आज तिने पाहिलं. पाठीचा कणा, मणी न् मणी. चार बाळंतपणं पोटावर उमटलेली, वाळूवरून पाणी ओसरावं तशी.

"काय बघतेस गं एवढं?"

"तुम्हालाच, आई."

"बघण्यासारखं काय उरलंय त्यात."

तिने जाहिरात सांगितली. म्हातारा वाकला, इथवर येईतो सासूबाईंना हसू आवरेना.

"मग टीव्हीवर कधी लागणार?"

"नाही लागणार. बंदी घातली."

"का गं?"

आदेशातलं कारण तिनेच टाइप केलं होतं. तिने कोमट पाण्याचा तांब्या भरला आणि त्यांच्या खांद्यावरून सावकाश ओतला.