एकोणतीस नंबरच्या डिशचा पराक्रम

"आता जे सांगतोय त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आणि बसलाच, तर चूक तुमची!" असं म्हणून आबांनी समितीच्या दोघांपुढे चहाचे कप सरकवले.

रेडिओ दुर्बीण म्हणजे एक नळी, असं समजणाऱ्यांची आबांना कीव यायची. इथे माळावर तीस डिश पसरलेल्या. सगळ्या एकाच ताऱ्याकडे तोंड करून कान देत आणि संगणक तिसांचं ऐकणं जुळवून एक चित्र काढी. त्यातली एकोणतीस नंबरची सगळ्यांत लांब, कुरकुरी, खर्चिक. पंचवीस वर्षं तिला वंगण घातलं ते आबांनी. तीच बंद करायची का, हे समिती आज ठरवणार होती. बंद झाली, की आबांची रवानगी भांडारात, खिळ्यांच्या पेट्यांशेजारी.

नियंत्रण खोलीतून माहिती द्यायला आली होती त्यांचीच सून. "बाबा, खरं तेवढंच बोला," असं तिने वाटेतच बजावलं होतं. आबा हो म्हणाले होते. हो म्हणायला त्यांना कधीच जड गेलं नव्हतं.

"भर दुपारी वादळ आलं. वारा असा, की ओतलेला चहा शेजारच्या कपात पडावा! हुकूम सुटला, डिश आडव्या करून कुलपं लावा. बाकीच्या मुकाट आडव्या झाल्या. माझी ऐकेना. मोटर बंद, तरी आपणहून मान वळवली!"

"मोटर बंद असताना?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"बंद म्हणजे काय, वायर माझ्या हातात होती! आणि मग टक, टक, टक. मेलेला तारा, भोवऱ्यासारखा गरगरणारा. बाकी एकोणतिसांना पत्ता नाही, हिने एकटीने ऐकला!"

समितीप्रमुखांचं पेन निर्णयाच्या कागदावरच्या 'बंद' या शब्दाशी जाऊन थबकलं. आबांना चेव आला.

"खोटं वाटतं? सूनबाईला विचारा. नोंदींचे कागद तिच्याकडेच आहेत."

सगळ्यांचे डोळे सुनेकडे वळले. तिने कप खाली ठेवला.

"साहेब, डिश ठेवा. ती सगळ्यांत लांब आहे म्हणूनच चित्रात बारकावे येतात, नाहीतर सगळं धूसर. पण बाबा, ही शुद्ध थाप आहे! आकाशातलं काही असलं, तर तिसांनाही ऐकू येतं. एकटीलाच आलं, तर आम्ही कचरा म्हणून पुसतो. तिथे जवळपास ठिणग्या उडवून डिशच्या कानात टकटक करणारं एकच यंत्र आहे, तुमची मोटारसायकल!"