भट्टीवाल्यांच्या घरची मिठाची बाटली

मी मिठाची बाटली बोलतेय. जेवणाच्या टेबलावर मधोमध बसते ना, तीच!

काचेच्या कारखान्यात दादानं मला घडवलं. माझ्या काचेत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून मी नापास झाले. दादानं मला भोकांचं झाकण लावलं आणि घरी आणलं. घरात बाबा, दादाची बायको म्हणजे वहिनी, आणि धाकटा भाऊ. बाबांनी जन्मभर त्याच कारखान्याची भट्टी सांभाळली, पुढे दोन्ही मुलंही तिथेच लागली.

"भट्टीवर इतका घाम जातो, मीठ भरून काढायला नको?" असं म्हणत बाबा पहिल्या घासाआधीच मला ताटावर उपडी करत. दादाचंही तेच.

"आधी चाखून तरी बघा! मी काय मीठ विसरले?" वहिनी चिडायची.

"तू नाही गं, पण हात ऐकत नाही," दादा हसायचा. मी आपली फुशारून जायची.

कारखान्यातल्या तपासणीत दादाचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यानं ती चिठ्ठी घडी करून माझ्याच खाली सरकवली. अडतिसाव्या वर्षी, भर दुपारी, भट्टीसमोर त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. घरी परत आला तो त्याचा डबा, तोही न उघडलेला.

महिन्याभरानं बाबांचा रक्तदाब मोजला. एकशे ऐंशी! "गोळ्या चुकवू नका," डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आणि ताटात वरून मिठाचा कणही नको." त्याच दिवशी जेवताना बाबांचा हात माझ्याकडे आला.

धाकट्यानं मला हिसकावलं आणि डोक्यावर उचललं. "आधी दादा, आता तुम्ही? फोडूनच टाकतो हिला!"

"खबरदार! माझ्या पोराच्या हातची आहे ती!"

"मग मी कुणाचा आहे, बाबा?"

बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. धाकटा हुंदके देत होता आणि मी अजून त्याच्या मुठीतच होते.

"द्या इकडे, भाऊजी." वहिनीनं मला रिकामं केलं, धुऊन पुसलं, मिरपूड भरली आणि बाबांसमोर ठेवलं. "बाटली राहील. मीठ नाही."

दुसऱ्या दिवसापासून धाकटा सकाळी दिवसभराचं मीठ वाटीत काढून ठेवू लागला, माणशी छोटा चमचा, तोही सपाट. स्वयंपाक तेवढ्यातच.

"हे जेवण आहे की शिक्षा?" बाबा कुरकुरले.

"शिक्षा समजा, पण संपवा," वहिनी म्हणाली.

पहिले पंधरा दिवस फार जड गेले. मग बाबांची कुरकुर कमी झाली. तीन महिन्यांनी त्यांचा भट्टीवरचा जुना जोडीदार खारे शेंगदाणे घेऊन आला. बाबांनी चार दाणे तोंडात टाकले आणि तोंड वाकडं केलं.

"अरे, समुद्र वाळवून आणलास की काय?"

वहिनी खो खो हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. त्याच आठवड्यात दवाखान्यातून येताना धाकटा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला, "एकशे अठ्ठावीस! वहिनी, एकशे अठ्ठावीस!" मागून बाबा नवरदेवासारखे ऐटीत चालत आले.

आज माझ्या पोटात मिरपूड आहे आणि मान ताठ आहे. मीठ वाईट नाही हो, मी त्याच्यासोबत अर्धं आयुष्य काढलंय. पण तुमच्याही टेबलावर माझी एखादी बहीण बसली असेल. तिला आता सुट्टी द्या. खूप राबलीय बिचारी.