एकाच बाजूचा पंख

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले. एवढ्या काळात माझ्या हातून कापड चुकलं नाही असं नाही, पण तसं मी कधी कबूल केलं नाही. कोट आवळला तर गिऱ्हाईकच सुटलेलं असायचं. बाही लांब झाली तर त्याला नीट उभं राहता येत नसायचं. दुकान बंद करून मशीन घरी आणलं, तेव्हा ही खोडही मशीनबरोबर घरी आली.

दोन वर्षांपूर्वी मेहुणे गेले आणि माझी थोरली बहीण माझ्याकडे राहायला आली. येताना ताईने एक बॅग आणली आणि चार कोंबड्या. मी एकटा माणूस, घर दोन खोल्यांचं, मागे कुंपण घातलेलं छोटंसं परसू. कोंबड्या बघून मी कपाळाला आठ्या घातल्या हे खरं आहे. पण महिन्याभरातच सकाळी डोळे उघडले की मी आधी परसात जायला लागलो. घरात कुणी बोलायला असलं की दिवस लवकर जातो, हे मी विसरून गेलो होतो.

कुंपणापलीकडे कंपाउंडर राहतात. त्यांनी जन्मभर दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधल्या आणि आता निवृत्त होऊन टोमॅटोची रोपं लावली. प्रत्येक रोपाला काडी, काडीला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि पाणी किती द्यायचं ते. कोंबड्यांना वाचता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

चौघींमधली तांबडी पुढारी होती. कुंपण माझ्या छातीएवढं, तरी ती ते सहज ओलांडायची आणि बाकीच्या तिच्यामागे. मी वरच्या कडेला लाकडी पट्टी ठोकून उंची वाढवली, तर तांबडीला बसायला चांगली जागा झाली. ती आधी पट्टीवर बसायची, दोन्हीकडचा अंदाज घ्यायची आणि मग टोमॅटोत उतरायची. वरून जाळी टाकायचं म्हटलं, तर तिची सावली रोपांवर पडेल असं कंपाउंडरांचं म्हणणं पडलं.

तिसऱ्या खेपेला बारा रोपं गेली. कंपाउंडर आमच्या दारात आले आणि आवाज न चढवता म्हणाले की ते आता पालिकेत अर्ज देणार. आवाज न चढवणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. ताई पुढे झाली आणि तिने त्यांना शब्द दिला. पुन्हा एक जरी कोंबडी पलीकडे आली तर चौघींना ती स्वतः अंडीवालीला देऊन टाकील, अर्जाची वेळ येऊ देणार नाही. दार लावल्यावर तिने मला उरलेलं सांगितलं. कोंबड्या गेल्या तर तीही मुलाकडे आठव्या मजल्यावर राहायला जाईल. दिवसभर माझ्या मशीनकडे बघत बसण्यात तिला रस नव्हता.

ताईचा शब्द म्हणजे शब्द. लहानपणी तिने माझ्याशी पंधरा दिवस न बोलण्याचं ठरवलं होतं, तेव्हा ती सोळाव्या दिवशी बोलली.

पंख कापायचे हे तिनेच सुचवलं. तिच्या सासरी तसं करायचे. पंखाची पुढची दहा लांब पिसं कापायची, नखं कापल्यासारखीच, कोंबडीला दुखत नाही. मात्र एकाच बाजूची कापायची. मग कोंबडीने झेप घेतली की तिचा तोल जातो आणि ती जिथल्या तिथे पडते. दोन्हीकडची सारखी कापली तर ती तोल सांभाळून पुन्हा उडते. ताईची बोटं आता थरथरतात, म्हणून कात्री माझ्याकडे आली. तिने एकेक कोंबडी काखेत धरली आणि मी उजवी पिसं कापली. कापताना निम्मीच कापली. कापड आधी थोडं जास्त ठेवावं, नंतर कमी करता येतं, हा हाताला लागलेला हिशेब.

काम झालं आणि ताई अंडी द्यायला कंपाउंडरांकडे गेली. मी परसात उभा राहिलो. चारही कोंबड्या माझ्यासमोर फिरत होत्या, एका बाजूला पूर्ण बाही, दुसऱ्या बाजूला अर्धी. मला ते बघवेना. मी तोंड फिरवलं, परत बघितलं, परत फिरवलं. ताईचा डावा खांदा लहानपणीच्या एका पडण्यामुळे उतरलेला आहे, तिच्या कपड्यांना त्या बाजूने मी आतून पॅड लावतो, इतकं माझं डोळ्यांचं दुखणं जुनं आहे. ती येईपर्यंत मी चौघींची डावी पिसंही उजव्यांच्या मापाने कापली आणि कचऱ्याच्या डब्यात खाली दडपून टाकली. दोन्ही बाजू एकसारख्या झाल्यावर जिवाला बरं वाटलं. एवढ्याशा फरकाने कोंबडीला काय कळणार, असं मी मनाशी म्हटलं.

आठ दिवस सगळं शांत होतं. नवव्या दिवशी तांबडीने पंख झाडले, कुंपणाच्या पट्टीवर बसली आणि पलीकडे उतरली.

 कंपाउंडर तांबडीला काखेत धरून घेऊन आले, ताईच्या हातात दिली आणि मान हलवून गेले.  ताईने अंडीवालीला निरोप पाठवला, मुलाला फोन केला, शनिवारी दहाला ये म्हणाली. मग कपाटावरची बॅग खाली काढली.

मध्ये तीन दिवस होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दाढी करताना ते वाक्य मी आरशाला सांगितलं, जेवताना तोंडापर्यंत आणलं, पण इथेच घोडं पेंड खात होतं. चाळीस वर्षांची खोड. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती, पॅड लावलेला खांदा नेहमी वर ठेवून. मला ती जायला नको होती. ती गेली तर या दोन खोल्यांत मी आणि मशीन उरणार होतो, आणि मशीनवर बसून शिवायला समोर कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी कंपाउंडरांचं दार वाजवलं. पाच मिनिटं आमच्याकडे या, एवढंच बोललो. ते चष्मा पुसत आले. ताई परसात शेवटचं दाणापाणी करत होती. मी तांबडीला पकडलं आणि दोघांसमोर तिचा आधी उजवा, मग डावा पंख उघडून धरला.

"दोन्ही सारखे आहेत," मी म्हणालो. "ताईने एकच कापायला सांगितला होता. दुसरा मी कापला. चूक माझी आहे, कोंबड्यांची नाही."

कंपाउंडरांनी वाकून दोन्ही पंख तपासले. मग म्हणाले की औषध बरोबर होतं, दुप्पट दिलं म्हणून गुण आला नाही. अजून आठ दिवस बघायला त्यांची हरकत नव्हती. नवी रोपं अजून कुंडीतच होती.

ते गेल्यावर मी ताईकडे बघितलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"डब्यातली पिसं मीच टाकायला नेली ना," ती म्हणाली. "शिंप्याची बहीण आहे मी. डावी बाही आणि उजवी बाही मला कळते."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ताईने हातातले दाणे खाली टाकले. "आधी वाटलं, उडाल्या नाहीत तर कशाला बोला. तांबडी उडाली तेव्हा म्हटलं, धाकटा आता सांगेल. तू नाही सांगितलंस. मग वाटलं, मी जावं असंच तुझ्या मनात असेल."

 तीन दिवस मी माझी लाज सांभाळत बसलो होतो आणि ती तीन दिवस घड्या घालत हे सोसत होती.

"तसं नव्हतं," मी म्हणालो. "तू राहा."

ताईने तांबडीला माझ्याकडून घेऊन काखेत धरलं आणि उजवा पंख उघडला. निम्मी राखून ठेवलेली पिसं मी पार आखूड कापली. डावीकडे हात लावला नाही. तांबडी खाली उतरली, कुंपणाकडे धावली, झेप घेतली आणि अर्ध्यात गिरकी घेऊन धपकन परसातच बसली. उरलेल्या तिघींचंही तसंच केलं.

दहा वाजता भाचा आला. ताईने त्याला अंडी देऊन परत पाठवलं. अंडीवालीला नको म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

निघताना चप्पल घालत होतो तेव्हा ती मागून म्हणाली, "आणि धाकट्या, पुढच्या खेपेला माझ्या खांद्याला ते पॅड लावू नकोस. चाळीस वर्षं टोचतंय ते."