मस्टरवर सही आधी

ऐक नं वं, मधात बोलू नको, नुसतं ऐक.

आपली अश्लेषा आहे नं, हुडकेश्वरची, थर्ड इयरची? तिनं अन् पियूषनं कॉलेजच्या लॅबमधी मिरर लावला. मिरर म्हणजे, हे ओपन सोर्सवाले सॉफ्टवेअर फुकटात वाटतात, पण त्यायचा मुख्य सर्व्हर लय दूर. म्हणून जागोजागी त्याची हुबेहूब कॉपी ठेवतात. ज्याले जे जवळ, त्यानं तिथून न्यावं. तिचा मिरर अजून त्यायच्या मिररच्या कच्च्या यादीत होता. तीस दिवस एकदाही शिळा, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या मागं राहिलेला, सापडला नाही, तं पक्क्या यादीत. अन् त्या दिवशी तिसावा दिवस! संध्याकाळी सहा वाजले का झालं.

दुपारी दीडले फोन. खाप्याच्या शाळेतले देवराव सर, तिच्याच मिररवरून सॉफ्टवेअर नेणारे.

"बेटा, मराठी टायपिंगचं नवं व्हर्जन तुमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत दिसते. घ्याले गेलो का म्हणते, फाइलच नाही!"

"दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहा नं सर."

"अठरावर पाहिलं! आमचेच डबडे खराब आहेत. आता सगळे पुसून कोरे करतो."

"नाही बाप्पा! काही पुसू नका सर. मले दहा मिनिटं द्या."

आता तिच्या डोक्यात किडा वळवळला. यादीत नाव आहे अन् फाइल नाही, हे होते कसं? मिररवर एक बारकी फाइल राहते, शेवटचं ताजं कधी झालं ते सांगणारी. मिरर तपासणारे ओपन सोर्सवाले तेवढीच पाहतात. तिनं उघडली. बारा वाजता. म्हणजे एकदम ताजं! मंग तिनं फोल्डर पाहिला, तं आत जुनंच व्हर्जन. म्हटलं, भुताटकी आहे का? मंग पाहते तं काय, बाराले सुरू झालेली कॉपी अजून चालूच होती! नवं व्हर्जन निघालं, साऱ्या दुनियेची मुख्य सर्व्हरवर झुंबड, माल थेंब थेंब उतरून राहिला. नावांची यादी आधी आली, फाइली रस्त्यात.

पण कॉपी पुरी झालीच नाही, तं "बारा वाजता" लिहिलं कोणं?

तिनं कॉपी आपोआप करणारी स्वतःची स्क्रिप्ट उघडली. पहिली ओळ, वेळ लिही. दुसरी ओळ, कॉपी कर.

"मायबाई!" अश्लेषा हसाले लागली. "हा तं मस्टरवर सही ठोकून चहाले गेला!"

"हसते काय भैताड," पियूष म्हणे. "तासाभरात माल येतेच. सरले सांग, तीनले पाहा. कोणाले समजते?"

"सरले सांगीन. अन् यायले?" तिनं लॉग दाखवला, कोणं काय मागितलं त्याची नोंद. सदतीस जण त्याच फाइलीवर आपटून राहिले होते. कोण, कुठले, काही पत्ता नाही. "यायनंही आपापले डबडे पुसाले घेतले असन तं?"

"मंग काय करतं?"

"मिरर बंद करते. त्यायचे कॉम्प्युटर आपोआप दुसऱ्या मिररवर जातीन. हळू मिळन, पण मिळन."

"अन् आपले तीस दिवस? चार तास राहिले वं!"

"ते तीस दिवस खरे होते का पण? दर खेपेले सही आधीच होत होती. आपण ताजे होतो का शिळे, आपल्यालेच माहीत नाही."

 तिनं मिरर बंद केला, सरले फोन केला, वेळेची ओळ खाली नेली, सगळ्यात शेवटी, अन् फाइली आधी, यादी नंतर, असंही करून टाकलं. मंग त्या ओपन सोर्सवाल्यायले मेल, का आमची वेळ खोटी होती. दोन ओळींचं उत्तर आलं. कळवलं म्हणून आभार, तीस दिवस पहिल्यापासून.

पियूष तीन दिवस झाले तिच्याशी बोलून नाही राहिला. म्हणते, एका तासाचा प्रश्न होता.

आता तू खरं सांग वं. तू असती तं बंद केला असता, का तासभर दम धरला असता?