ल्वार नदीकाठचा पूरखुणांचा दगड

मी एक जुना दगड आहे. आमच्या शांव्हेर गावात माझ्याइतकं खरं बोलणारं कुणी नाही. म्हणजे परवापरवापर्यंत नव्हतं.

टेकडीवरचं चर्च बांधून उरलो, म्हणून मला पुलाशेजारी धक्क्याच्या भिंतीत बसवलं. तेव्हा ल्वार नदीतून मिठाच्या आणि दारूच्या होड्या जायच्या. पुढे रेल्वे आली, नावाडी गेले. लढाईत पुलाच्या दोन कमानी उडाल्या. मी जागचा हललो नाही. पूर ओसरला की गवंडी यायचा, पाणी जिथवर चढलं तिथं माझ्यावर रेघ मारून साल कोरायचा. सगळ्यात वरची रेघ १८५६ ची. काठावर घर घेणारा पाणी भरलेल्या नळीने ती उंची आपल्या भिंतीवर न्यायचा आणि पीठमीठ तिच्या वीतभर वर ठेवायचा.

मग सुंदर फुलांच्या गावांची स्पर्धा आली. मेयर ब्रोसार यांनी मला काढून घासलं. परत बसवताना पिनो गवंडी म्हणाला, "मेयरसाहेब, आधी किती उंच होता हा?"

"बाकावर बसलेल्या पाहुण्याची मान दुखू नये, एवढा बसव."

"हातभर खाली येईल मग."

"येऊ दे. दगडाला काय फरक पडतो?"

फरक पडला सोलांजबाईंना. नवरा गेल्यावर राहतं घर विकून त्यांनी धक्क्यावर बेकरी घेतली. नळी घेऊन माझ्याकडे आल्या. पिनो कुंड्या मांडत होता.

"मादाम, जरा अजून वर घ्या."

"का रे? दगड खोटं बोलतो की काय?"

पिनोने मेयरच्या खिडकीकडे पाहिलं आणि कुंडी सरळ केली.

फेब्रुवारीत नदी चढली. पीठ, कणीक मळायचं यंत्र, भट्टीची मोटर, सगळं बुडालं.

"मी दगड बघून ठेवलं होतं सगळं," बाई मेयरना म्हणाल्या.

"मग आता परत बघा. पाणी १८५६ च्याही वर गेलं. इतिहासातला सगळ्यात मोठा पूर, त्याला मी काय करणार?"

"शेजारच्या जुन्या घरात १८५६ ची खूण आहे, मेयरसाहेब. ती कोरडी आहे."

"मग ते घर चुकीच्या उंचीवर बांधलंय."

बाई तूर शहरात बहिणीकडे गेल्या. बेकरीला कुलूप आहे. गाव आता पावासाठी नदीपलीकडे जातं.

मित्रांनो, जुना दगड धुवा, त्याच्यापुढे फुलंही ठेवा. पण हलवायच्या आधी तो तिथं का आहे, एवढं कुणाला तरी विचारा.

परवा बँड लावून नवी रेघ कोरायचा समारंभ झाला. शेवटच्या घावाला मी मधोमध तडकलो. जुन्या रेघांचा खालचा तुकडा नदीत पडला. नव्या रेघेचा वरचा तुकडा भिंतीत आहे.